खुब्याच्या बाबतीत या चुका टाळा, निदान काठी तरी बरोबर हातात द्या

फिजिओच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना खुबा शिकवायला लागून बरीच वर्षं झाली आणि दर बॅचला त्याच चुका, त्याच क्रमाने, जणू सीनियर्स नोट्ससोबत चुकाही पुढे देतात. म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात लाडकी चूक ट्रेंडेलेनबर्ग चाचणीची, म्हणजे एका पायावर उभं करून खुब्याच्या स्नायूची ताकद बघायची. पेशंट एका पायावर उभा राहतो, कंबरेची एक बाजू खाली जाते, आणि पोरं लगेच म्हणतात, जी बाजू पडली ती कमजोर. चूक! जो पाय जमिनीवर आहे त्या बाजूचा ग्लुटिअस मीडिअस (खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू) कमजोर असतो, पडते ती विरुद्ध बाजू. मी हे इतक्या तावातावाने सांगते कारण इंटर्न असताना मी स्वतः हीच माती खाल्लीये. एक काका होते, चालताना डावी बाजू दर पावलाला खाली जायची. मी ऐटीत फाइलमध्ये ‘डावा ग्लुटिअस मीडिअस वीक’ लिहिलं आणि तीन आठवडे त्यांना उजव्या कुशीवर झोपवून डावा पाय उचलायला लावला, वर वाळूची पट्टी बांधून. काका बिचारे इमानदारीत करायचे. चालण्यात ढिम्म फरक नाही. मग एक दिवस मॅडम आल्या, त्यांनी काकांना उजव्या पायावर उभं केलं, माझे दोन्ही हात मागून त्यांच्या कंबरेच्या हाडांवर ठेवले आणि विचारलं, "कुठला हात खाली गेला?" डावा. "आणि जमिनीवर कुठला पाय आहे?" मी गप्प. काका मात्र मागे वळून म्हणाले, "तरीच! मला वाटतच होतं, हा पाय तर चांगला आहे म्हणून."

आता का ते बघा, पाठ नका करू. एका पायावर उभं राहिलं की खुब्याचा उखळी सांधा हा तराजूचा मधला खुंटा होतो. 60 किलोचा माणूस धरा, टेकलेल्या पायाचं वजन वजा केलं तर साधारण 50 किलो खुब्याच्या आतल्या बाजूला लोंबतंय, आणि बाहेरच्या बाजूला ते तोलायला एकटा ग्लुटिअस मीडिअस आणि त्याचं धाकटं भावंड मिनिमस. त्यात स्नायूचा हात (म्हणजे तराजूच्या खुंट्यापासूनचं अंतर) आखूड, वजनाचा हात त्याच्या निदान दुप्पट, म्हणजे स्नायूला 100 किलोची ओढ लावावी लागते, आणि सांध्यावर पडतात दोन्ही मिळून 150. अंगाच्या वजनाच्या अडीच पट, नुसतं उभं राहून! स्नायूला हे झेपलं नाही की विरुद्ध बाजू पडणारच. ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन सर्जनने हे 1895 मध्येच लिहून ठेवलंय, आपल्याला अजून डावं-उजवं कळत नाही.

काही पेशंट हुशार असतात, ते अख्खं धड कमजोर बाजूला झुकवून वजनाचा हात आखूड करून घेतात, मग कंबर सरळच दिसते आणि तुम्ही नॉर्मल लिहून मोकळे. म्हणून माझी सवय अशी की आधी खांदे बघायचे, कंबर नंतर. आणि अर्धा मिनिट तरी उभं ठेवायचं, दोन सेकंदात तर कुणीही पास होतं.

याच हिशोबातून काठीचं उत्तर निघतं. दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात काठी. तिथून काठीचा तराजूतला हात लांब पडतो, त्यामुळे थोडासा जोर दिला तरी स्नायूचं बरंच ओझं उतरतं. तरी दर वर्षी कोणीतरी दुखऱ्याच बाजूला काठी देतं, कारण ‘टेकायला तिकडेच बरं ना’.

दुसरी डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे "पेल्विस (कंबरेचं हाड) सरकलाय, बसवून देतो". अहो, सेक्रोइलिअक सांधा (माकडहाडाच्या वरचं सेक्रम हाड आणि कंबरेचं हाड यांच्यातला) हलतो तो जेमतेम दोन-चार अंश आणि एक-दोन मिलीमीटर, सेक्रम पाचरीसारखा दोन हाडांच्या मध्ये अडकलेला, मागून शरीरातल्या दणकट लिगामेंट्सपैकी (हाडांना हाडं बांधणारे पट्टे) काहींनी आवळलेला. तो काय कपाटाचा ड्रॉवर आहे? कटकन आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं असं नसतं. दुखणं खरं असतं, बरंही वाटतं, पण ‘सरकलंय’ हा शब्द पेशंटच्या डोक्यात एकदा बसला की तो वाकायलाही घाबरतो, आणि मग ते निस्तरायला महिने जातात. कोर्स करून आलेली दोन दिवसांची तज्ज्ञ मंडळी हे ऐकत नाहीत.

बाकीच्या फुटकळ. बाजूला हाताला लागतं ते ग्रेटर ट्रोकँटर, म्हणजे मांडीच्या हाडाचा उंचवटा, सांधा नव्हे. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत येतं, आणि कधीकधी फक्त गुडघ्यात, तेव्हा गुडघा दुखतो म्हटल्यावर खुबा पण हलवून बघा. खोल स्क्वॉट होत नाही म्हणून सगळ्यांना स्ट्रेचिंग देऊ नका, कुणाची खुब्याची वाटीच खोल असते, तिथे हाडाला हाड लागतं, ताणून काय होणार.

आणि शेवटची, व्हायव्हात हमखास पडणारी: ‘सांधा सर्वात घट्ट कधी?’ उभं असताना, मांडी मागे गेली की लिगामेंट्स पिळून घट्ट होतात, त्यातला इलिओफेमोरल तर सगळ्यात दणकट. पण हाडं एकमेकांत सगळ्यात छान बसतात ती रांगताना, मांडी पुढे, थोडी बाहेर. दोन वेगळी उत्तरं आहेत, प्रश्न नीट ऐका. विश्वास नसेल तर सांगाडा घ्या आणि चार पायांवर उभा करून बघा, मी दर वर्षी करते, पोरं हसतात आणि मांडीच्या हाडाचा बॉल वाटीत गडप झालेला दिसला की गप्प होतात.