सेमिनारला बुलपप रायफल घेताय? मग माझं ऐका

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षी सेमिनारचा विषय लिहून द्यायचा होता. निम्म्या वर्गाने इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या, उरलेल्यांनी थ्रीडी प्रिंटिंग. मी लिहिलं, ‘बुलपप रायफलची रचना’. खरं कारण एवढंच की मोबाइलवरच्या गेममध्ये मला स्टायर ऑग ही ऑस्ट्रियाची बुलपप आवडायची. सरांनी कागद पाहिला आणि विचारलं, "यात नक्की काय हललं?" मला उत्तर आलं नाही. सेमिनारसाठी असो वा एसएसबीच्या, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या, तीन मिनिटांच्या भाषणासाठी (लेक्चरेट), हा विषय घेणार असाल तर याच प्रश्नापासून सुरुवात करा. रायफलींची नावं पाठ करत बसू नका, मी त्यात महिना घालवला.

हललं ते असं. नेहमीच्या रायफलीत मॅगझिन म्हणजे गोळ्यांची पेटी ट्रिगरच्या पुढे, त्याच्या वर चेंबर (जिथे गोळी पेटते) आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग), आणि मागचा दस्ता मुख्यतः खांद्याला टेकवायला. बुलपपमध्ये मॅगझिन, चेंबर, बोल्ट हा सगळा संसार उचलून दस्त्यात नेला. ट्रिगर पुढेच राहिला. याचा हिशोब आकड्यांत पाहा. एनसीसीच्या कॅम्पात आम्ही ज्या इन्सासचं, म्हणजे नेहमीच्या घडणीच्या भारतीय रायफलीचं, खोलना-जोडना करायचो, तिची लांबी ९६० मिमी, नळी ४६४. इस्रायलची बुलपप टॅव्होर टीएआर-२१ घ्या, नौदलाच्या मार्कोस कमांडोंच्या हातात दिसते तीच. लांबी ७२० मिमी, नळी ४६०. नळीत फरक चार मिलिमीटरचा, रायफलीत जवळजवळ पाव मीटरचा! नळीला एवढं का जपायचं? या रायफलींची ५.५६ मिमीची गोळी हलकी, तिचा सगळा भरवसा वेगावर. नळी कापली की वेग घटतो.

हे प्रेझेंटेशनमध्ये दाखवायला मी दोन्ही रायफलींच्या पूर्ण मापाच्या आकृत्या सनबोर्डवर कापल्या, वर काळा रंगही मारला. मग डोंबिवलीहून सकाळच्या फास्टमध्ये ते बाड घेऊन निघालो. टॅव्होर पिशवीत मावली, इन्सासचं टोक बाहेर. पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. पोलिसांनी गाडीतून उतरवलं, कॉलेजचं ओळखपत्र, सरांना फोन, अर्धा तास गेला. त्यांचं काहीच चुकलं नाही, या शहरात असलं काही पाहून त्यांनी दुसरं काय करायचं? तुम्ही मॉडेल करणार असाल तर पांढरंच ठेवा, नाहीतर कॉलेजमध्येच कापा.

गर्दीच्या डब्यात आणखी एक गोष्ट कळली. आपण बॅग पाठीवरून काढून छातीशी धरतो, कारण जवळ घेतलेलं ओझं हलकं लागतं. बुलपपचं वजन तसंच खांद्याजवळ असतं. शिवाय चिलखती गाडीत, हेलिकॉप्टरमध्ये, जिन्यात वळताना लांबी आड येत नाही.

आता किंमत. ट्रिगर पुढे आणि हॅमर (गोळी पेटवणारा हातोडा) व त्याला अडवून धरणारा सिअर मागे, म्हणून मध्ये लांब दांडा घालावा लागतो. त्यामुळे ट्रिगरचा दाब गुळमुळीत लागतो, अशी तक्रार बुलपपबद्दल कायम असते. मॅगझिन बदलायला हात काखेखाली न्यायचा. आणि चेंबर थेट गालाशी, म्हणजे आवाज आणि गॅस दोन्ही तोंडाजवळ.

मी डावखुरा आहे, त्यामुळे पुढचा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा. एनसीसीत उस्तादांनी पॉइंट टू-टू रायफल मला उजव्या खांद्यावरूनच झाडायला लावली. तेव्हा राग आला होता. बुलपप डाव्या खांद्याला लावली तर गोळी सुटल्यावर उजवीकडून उडणारी गरम रिकामी पुंगळी सरळ तोंडावर येते. ब्रिटिशांच्या एल८५ वर यावर उपायच नाही. तिचा कॉकिंग हँडलही (बोल्ट मागे ओढायची मूठ) गोळीबारात उजव्या बाजूला मागेपुढे होतो, म्हणून तिथे सगळ्यांना उजव्या खांद्यावरूनच शिकवतात. ऑग आणि टॅव्होरमध्ये डावा बोल्ट बसवून पुंगळीची बाजू बदलता येते, पण ते आधी करून ठेवायचं काम, गोळीबार चालू असताना नाही. बेल्जियमच्या एफ२००० ने रिकाम्या पुंगळ्या नळीशेजारच्या बोगद्यातून पुढे काढल्या. युक्ती बघून मी वर्गात एकट्यानेच टाळी वाजवली.

प्रकार वाचताना प्रत्येक वेळी विचारा, आता काय बदललं आणि कशाच्या बदल्यात? ऑग ऑस्ट्रियाच्या सैन्यात १९७० च्या दशकाच्या शेवटी एसटीजी ७७ नावाने आली. तिची नळी झटकन बदलता येते: ३५०, ४०७, ५०८, ६२१ मिमी. सर्वांत लांब नळी आणि दोन पाय लावले की तीच हलकी मशीनगन. म्हणजे शरीर एक, कामं चार. टॅव्होरने दुसरी वाट धरली. तिच्या आखूड प्रकाराची, सीटीएआर-२१ ची, नळी ३८० आणि लांबी ६४० मिमी. एक्स९५ म्हणजे मायक्रो टॅव्होरची नळी ३३० वर आली. इथे थांबून विचार करा, बुलपपने वाचवलेली नळी शेवटी कापलीच की! पण ज्याला फक्त घरांत आणि गल्ल्यांत लढायचं आहे त्याला तो सौदा परवडतो.

फ्रान्सने मात्र ‘क्लेरों’ म्हणजे बिगुल असं लाडाचं नाव असलेली बुलपप फामास सोडून नेहमीच्या घडणीची एचके४१६ घेतली. चीनही बुलपप क्यूबीझेड-९५ कडून नेहमीच्या घडणीच्या क्यूबीझेड-१९१ कडे गेला. माझ्या मते यात दस्त्याचा वाटा मोठा आहे. बुलेटप्रूफ जाकीट घातल्यावर दस्ता आखूड करता आला पाहिजे, आणि बुलपपच्या दस्त्यात तर सगळी यंत्रणा बसलेली. व्हायव्हात हा प्रश्न येतोच.

याच कामात जायचं असेल तर इन्सास घडवणारी एआरडीई पुण्यात पाषाणला आहे, डीआरडीओचीच प्रयोगशाळा. डीआरडीओत शास्त्रज्ञ म्हणून जायचा नेहमीचा रस्ता गेट परीक्षेच्या गुणांवरून. म्हणून गेट मनावर घ्या. शस्त्रांची आवड मुलाखतीत एकदोन प्रश्नांपुरती कामाला येते. मशीन डिझाइन आणि मटेरियल कच्चं असेल तर तेवढीही नाही. आतली रचना समजायला जुनी पेटंटं वाचा. फुकट असतात, आणि कोणता भाग का केला ते तिथे लिहिलेलं असतं.

मी स्वतः रायफलींकडे गेलो नाही. ऑगच्या ट्रिगर-हॅमरच्या जुळणीत बहुतेक भाग प्लास्टिकचे आहेत हे वाचून मी आठवडाभर हरखलो होतो. त्या नादाने साच्यांच्या डिझाइनला लागलो. सध्या एमआयडीसीत मिक्सरच्या झाकणाचा साचा करतोय, आणि झाकण साच्यातून सुटत नाहीये.