घरात गळवं पुन्हा पुन्हा येतात? पाच दिवस सगळ्यांनी एकदम

आंबा उष्ण पडतो म्हणून गळवं येतात, हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. थोरलीच्या मांडीवर पहिलं गळू आलं ते डिसेंबरात, तेव्हा घरात आंब्याची फोडसुद्धा नव्हती. मार्चपर्यंत तिला तीन, धाकट्याला दोन आणि माझ्या काखेत एक. पुढे सांगते ते आम्ही आमच्या घरी तीनदा केलं आणि एकदा बहिणीच्या घरी करवून घेतलं.

पू तपासायला द्या. गळू दाबू नका, सुईने टोचू नका, भाजलेला कांदा बांधून वाट बघत बसू नका. डॉक्टरांना चीर देऊन पू काढू द्या आणि तोच पू कल्चरला, म्हणजे त्यातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला पाठवा. रिपोर्टात स्टॅफिलोकोकस ऑरिअस (थोडक्यात स्टॅफ) हे जंतूचं नाव आणि सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकसमोर 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा) असेल, तर तो एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफ. घरातल्या डब्यात मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या असतात, त्यातल्या बहुतेकांना तो दाद देत नाही. मेथिसिलिन हे औषध १९५९ साली आलं आणि १९६१ मध्येच ब्रिटनमध्ये त्याला न जुमानणारा स्टॅफ सापडला. म्हणजे तो काही तुमच्या घरात तयार झालेला नाही; तेव्हा 'तुमच्याकडे स्वच्छता कमी पडते' म्हणणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करा.

जखम भरेपर्यंत झाकून ठेवा. पट्टी बदलली की हात साबणाने धुवा. बस.

आता मुख्य काम: घरातल्या सगळ्यांच्या अंगावरून हा जंतू एकदमच घालवायचा. इथेच आम्ही दोनदा आपटलो. निरोगी माणसांपैकीही साधारण तिघांत एकाच्या नाकात स्टॅफ मुक्कामाला असतो. काखेत, जांघेतही असतो. ज्याच्या अंगावर असतो त्या माणसाला काही होत नाही, पण नाकातून बोटावर, बोटावरून टॉवेलवर आणि टॉवेलवरून लेकराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर तो जातो. पहिल्या खेपेला आम्ही फक्त थोरलीवर उपचार केले. तीन आठवड्यांत धाकट्याला गळू. दुसऱ्या खेपेला सासूबाई म्हणाल्या, "मला कुठे काय झालंय? माझ्या नाकात कशाला मलम?" आणि नवरा तिसऱ्या दिवशी टूरवर निघून गेला, मलमाची ट्यूब घरीच. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून सांगते: डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्यांची वयं लिहून न्या आणि औषध सगळ्यांसाठी लिहून घ्या. तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर ते आधी सांगा. मग कॅलेंडरवर पाच दिवस असे शोधा की कोणी गावाला जाणार नाही, पाहुणे येणार नाहीत आणि कोणाच्या अंगावर उघडी जखम नाही. असे दिवस सापडत नसतील तर महिनाभर थांबा. चौघांनी करून पाचव्याने सोडलं, तर तुमची मेहनत बहुधा पाण्यात.

आम्हाला दिलं होतं ते असं: म्युपिरोसिन या अँटिबायोटिकचं मलम सकाळ-संध्याकाळ, काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं प्रत्येक नाकपुडीत, मग नाक चिमटीत धरून हलकं चोळायचं. नाकासाठीचं मलम मागून घ्या, कातडीवरचं चुरचुरतं. रोज एकदा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची आंघोळ, मानेखाली, डोळे-कान सांभाळून. अंगावर दोनेक मिनिटं राहू द्यायचं, मग धुवायचं. त्यावर पुन्हा नेहमीचा साबण लावू नका, साबणाने त्याचा गुण जातो. सासूबाईंनी दोन दिवस नेमकं तेच केलं, कारण 'फेस येत नाही'.

परदेशी सल्ल्यांमध्ये पातळ ब्लीचच्या टबात बसायला सांगतात. आपल्याकडे बादली आणि तांब्या, टबात पंधरा मिनिटं बुडून राहणं कोणाला जमणार? आणि बाटलीतल्या ब्लीचची तीव्रताही सारखी नसते. स्वतःच्या मनाने अजिबात करू नका.

टॉवेल हा खरा कटकटीचा भाग. रोज प्रत्येकाला धुतलेला टॉवेल, आणि पावसाळ्यात जाड टॉवेल दोन दिवस वाळत नाही. मी सरळ दहा सुती पंचे आणले: पाच अंगाला, पाच दोरीवर. गरम पाण्यात धुवायचे, उन्हात टाकायचे, ऊन नसेल तर कडक इस्त्री. उशीचे अभ्रेही रोज बदलायचे. एकदा मी उत्साहाने पंच्यांवर ब्लीच ओतलं आणि सगळ्यांवर तपकिरी डाग उमटले. क्लोरहेक्सिडिन आणि ब्लीचचं जुळत नाही. ते डाग अजून आहेत.

बाकीचं किरकोळ. नखं कापा. दाढीचं ब्लेड ज्याचं त्याचं. फरशीवर दिवसभर फिनेल ओतायची गरज नाही, त्यापेक्षा रिमोट आणि मोबाइल पुसा. पाच दिवस झाले की मलम बंद; उगाच चालू ठेवलं तर जंतू त्यालाही सरावतो.

तिसऱ्या खेपेनंतर धाकट्याला एकच बारीक फोड आला आणि आपोआप बसला. पण फोड डोळ्याजवळ किंवा नाकावर असेल, ताप असेल किंवा बाळ तान्हं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. एरवी फोडाभोवतीच्या लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ आखून ठेवा. लाली रेघेबाहेर गेली की निघा.