स्टुडिओ लाईटवर पोर्ट्रेटची डेप्थ कशी सांभाळायची: आधी अपर्चर ठरवा, मग लाईट

आपल्या इकडे तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही स्टुडिओत जा, सेटिंग बहुतेक एकच दिसते, शटर १/१२५ सेकंद, अपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं) एफ ८, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती दाद देतो ते) १०० आणि लाईटचा नॉब कुठंतरी मधात. पासपोर्ट असो, लग्नाच्या बायोडाट्याचा फोटो असो की डोहाळजेवणाचा, सगळे त्याच सेटिंगवर. फोटो बिघडत नाही हे खरंय, पण मागच्या पडद्याच्या चुण्या चेहऱ्याइतक्याच ठळक येतात आणि मग गिऱ्हाईक मोबाईल पुढं करून विचारतं, "भाऊ, यात मांगचं कसं धूसर झालं, तुमच्यात काऊन नाई होत?"

होते, त्याच कॅमेऱ्यात होते. फक्त आपण लाईट आधी लावतो आणि मग लाईटला जे जमते ते अपर्चर घेतो, ते उलटं करायचं. चेहऱ्याचा पुढून मागून किती भाग शार्प पाहिजे, म्हणजेच डेप्थ किती, ते आधी ठरवायचं, त्यावरून अपर्चर, आणि मग लाईटला त्या अपर्चरपर्यंत आणायचं. दारव्ह्याजवळ माझा दहा बाय सोळा फुटाचा स्टुडिओ आहे, ३०० वॅट-सेकंदाच्या दोन स्ट्रोब (झपका मारणाऱ्या) लाईट, क्रॉप सेन्सरचा (३५ एमएम फिल्मपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स, एवढ्यावर जे रोज करतो तेच सांगतो.

सगळ्यात आधी टेप काढा, शिंप्याकडे असते तीच. समोरचा माणूस कॅमेऱ्यापासून पाच फुटावर म्हणजे साधारण दीड मीटरवर बसला, तर क्रॉप सेन्सरवर ५० एमएम लेन्सला एफ १.८ वर पुढून मागून मिळून जेमतेम साडेसहा सेंटिमीटर शार्प येते. एफ २.८ ला १०, एफ ४ ला १४, एफ ५.६ ला २० आणि एफ ८ ला २९ सेंटिमीटरच्या आसपास. आता नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत अंतर मोजा, मोठ्या माणसाचं १२ सेंटिमीटरच्या जवळपास भरते. म्हणजे एफ १.८ वर डोळा शार्प असला की नाक नाहीतर कान जाणारच, एफ ४ ला चेहरा पूर्ण येतो आणि मागचा पडदा पाच फूट दूर असला तर तोही बऱ्यापैकी विरघळतो. हे पाच आकडे मी दाराच्या मागं खडूनं लिहून ठेवले आहेत, लेन्स वेगळी असेल तर आकडे बदलतील, पण पाठ करण्यापेक्षा लिहिलेले बरे.

अंतराचं विसरू नका. माणूस पडद्याला चिकटून बसला तर एफ १.८ करूनही मागचं हवं तसं धूसर होत नाही, म्हणून लहान खोलीत मी पडदा एका भिंतीला, कॅमेरा दुसऱ्या भिंतीजवळ आणि खुर्ची पडद्यापासून जितकी पुढं येईल तितकी पुढं घेतो.

आता कॅमेरा मॅन्युअलवर टाका, आयएसओ १००, शटर १/१६०, अपर्चर जे ठरलं ते. स्ट्रोबचा झपका साधारण हजाराव्या भाग सेकंदाचा असतो, शटर १/६० ठेवा की १/१६०, स्ट्रोबचा उजेड तेवढाच येतो, बदलतो तो फक्त खोलीतला उजेड. त्यामुळं शटर वाढवून फोटो डार्क करायला गेलात तर स्ट्रोब कमी होतच नाही, उलट कॅमेऱ्याची सिंक स्पीड, म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यात १/२०० किंवा १/२५०, ओलांडली की फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो, कारण तेवढ्या वेगात शटरचे दोन्ही पडदे एका वेळी पूर्ण उघडे नसतात. सुरुवातीला एका मुलीच्या बायोडाट्याचे अकरा फोटो माझे असेच पट्ट्यासह गेले, तिला दुसऱ्या दिवशी वीस किलोमीटरवरून परत यावं लागलं. तेव्हापासून १/१६० च्या वर जात नाही.

ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यावरून स्ट्रोब पेटवणारा डबा, बंद करून एक फोटो मारा. तो काळाकुट्ट आला पाहिजे. एफ ८ वर येतोच, पण एफ २ वर खिडकीचा उजेड नाहीतर मॉडेलिंग लॅम्पचा (स्ट्रोबमधल्या सतत जळणाऱ्या बल्बचा) पिवळेपणा आत शिरतो, गालावर एका बाजूनं हळद लावल्यासारखं दिसते. असं झालं तर खिडकीला गोणपाट लावा, ट्यूबलाईट बंद करा, लॅम्प कमी करा.

मग स्ट्रोब चालू. इथला हिशोब सोपा आहे, पॉवर अर्धी केली की एक स्टॉप कमी, स्टॉप म्हणजे उजेड अर्धा किंवा दुप्पट. समजा फुल पॉवरवर एफ ११ बरोबर येते, तर १/२ वर एफ ८, १/४ वर एफ ५.६, १/८ वर एफ ४, १/१६ वर एफ २.८ आणि १/३२ वर एफ २. ही शिडी एकदा स्वतःच्या लाईटवर मारून पाहा, सॉफ्टबॉक्स (लाईटवरची पांढऱ्या कापडाच्या तोंडाची पेटी) नेहमी असतो तिथंच ठेवून, आणि वहीत लिहा. उजेड मोजायचा मीटर नसला तरी या वहीवर काम भागते.

अडचण येते ती इथून पुढं. स्वस्तातल्या बऱ्याच लाईट १/१६ च्या खाली जातच नाहीत, आणि तुम्हाला एफ २ पाहिजे. अशा वेळी लाईट लांब नेणे हा पहिला विचार सगळ्यांना येतो, अंतर दुप्पट केलं तर दोन स्टॉप कमी होतात हे बरोबर आहे, पण लांब गेला की सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या मानानं लहान होतो आणि सावल्या कडक पडतात. तरण्या पोराला चालते, आजीच्या सुरकुत्यांवर नाही चालत, तिथं मऊ उजेडच पाहिजे. दुसरं म्हणजे सॉफ्टबॉक्सच्या तोंडावर आणखी एक पांढरं कापड, धुतलेलं मांजरपाट चालते, तुमचं कापड किती उजेड खाते ते टेस्ट फोटो मारून वहीत टाका. कापड बाहेरून लावा, बल्बला टेकू देऊ नका आणि मॉडेलिंग लॅम्प तेव्हा बंद ठेवा, इकडं मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असताना बंद खोलीत तो लॅम्प काय तापतो ते हात जवळ नेऊन पाहा.

पण माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय एनडी फिल्टर. लेन्सवर लावायची ही राखाडी काच, एनडी ८ तीन स्टॉप उजेड खाते, म्हणजे एफ ८ वर जमलेली लाईट हातही न लावता एफ २.८ वर जमते. यात मोठा फायदा असा की समोरची लाईट, केसांवरची लाईट, पडद्यावरची लाईट, सगळ्या सारख्याच कमी होतात, तुम्ही जमवलेलं प्रमाण हलत नाही. पॉवरनं कमी करायला गेलं की एक लाईट खाली जाते, दुसरी आधीच तळाला असते आणि सगळं पुन्हा जमवत बसावं लागते. तोटा एवढाच की काच लावल्यावर कॅमेऱ्याला अंधार दिसतो आणि ऑटोफोकस भटकतो, त्यासाठी मॉडेलिंग लॅम्प चालू ठेवा. फिरवायची व्हेरिएबल एनडी स्वस्तातली घेऊ नका, चेहऱ्याचा रंग बदलते. हाय स्पीड सिंक, म्हणजे सिंक स्पीडच्या वरच्या शटरलाही स्ट्रोब चालवायची सोय, हाही रस्ता आहे, पण त्यासाठी लाईट आणि ट्रिगर दोन्ही तसे पाहिजेत आणि पॉवर फार खर्च होते, स्टुडिओच्या आत मला त्याची गरज पडली नाही.

फोकस कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर, एकच पॉइंट निवडून, थेट तिथंच. मधल्या पॉइंटनं फोकस धरून मग कॅमेरा हलवायची सवय एफ ८ वर खपते, एफ २ वर नाही खपत, तेवढ्या हलण्यात डोळा हातचा जातो.

आता उलटी बाजू, जास्त डेप्थ. तीन रांगांचा घरचा ग्रुप आला की लोक एफ ११ करतात आणि लाईटचा जीव काढतात. गरज नसते. चार मीटरवरून, ३५ एमएमवर, क्रॉप सेन्सरला एफ ५.६ वरच अडीच मीटरच्या वर डेप्थ मिळते, दूर गेलं की डेप्थ आपोआप वाढते. एफ ८ केलं की निश्चिंत. लाईट मात्र मागं आणि उंच घ्या, नाहीतर पुढच्या लेकराचं तोंड पांढरं आणि मागच्या आजोबांची टोपी अंधारात. पॉवर कमी पडली तर आयएसओ ४०० करा. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की लाईट भरायला वेळ लागतो, बीप वाजायची वाट पाहा, घाईनं मारलेला फोटो अर्ध्या पॉवरचा निघतो.

सगळ्यात जास्त डोकं लागते ते तान्ह्या पोळ्याला. पोरगं धोतर, फेटा, कपाळाला टिळा लावून लाकडी बैल घेऊन येते, शिंगांना बेगड, पाठीवर आईनं रात्री बसून शिवलेली झूल, आणि घरच्यांना पोराचा चेहराही पाहिजे आणि बैलही, पण मागचा पडदा नको. पोरगं बैल पुढं धरून बसलं तर बैलाचं तोंड डोळ्यांपेक्षा वीस-पंचवीस सेंटिमीटर पुढं येते, मग एफ ८ शिवाय पर्याय नाही आणि पडदा दिसणार. म्हणून मी बैल पुढं धरू देत नाही. बैल स्टुलावर, पोराच्या खांद्याला लागून, आडवा, आणि पोराला म्हणतो, "राजा, त्याच्या गळ्यात हात टाक." आता डोळा, शिंग आणि झूल कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आले, एफ ४ ला सगळं शार्प आणि मागचं धूसर. लाईट १/८ वर, एनडी लागतही नाही.

फोटो मारला की लगेच स्क्रीनवर पूर्ण झूम करा. आधी जवळच्या डोळ्याची पापणी पाहा, मग बेगडाची कडा. पापणी शार्प आणि कडा मऊ असेल तर अपर्चरला हात लावू नका, स्टूल बोटभर मागंपुढं सरकवा आणि परत मारा.