वाफेचं इंजिन पेटवायचं कसं (जुन्या फायरमनकडून)

आमच्या शकुंतलेचं, म्हणजे विदर्भातल्या छोट्या रेल्वेचं, वाफेचं इंजिन १९२१ ला मँचेस्टरला बनलं, १९२३ पासून अडीच फुटी रुळावर यवतमाळ-मुर्तिजापूर-अचलपूर गाडी ओढत राहिलं आणि १५ एप्रिल १९९४ ला डिझेल आल्यावर थांबलं. आता पोट्टे विचारतात, काका, कोळसा टाकला की चालायची ना गाडी? नाही रे बावा. म्हणून हे लिहितो, पुढंमागं कुठं जुनं इंजिन पेटवायचा चान्स भेटला तर कामात येईल. पण सर्टिफिकेट नसलेल्या बॉयलरला आणि जाणता माणूस सोबत नसताना हात लावू नका.

पहिले पाणी, मंग आग. माचिस काढायच्या आधी गेज ग्लास, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी, पहा. नुसतं पाहून होत नाही, नळीत पाणी दिसलं म्हणजे बॉयलरमध्ये पाणी आहे असं समजू नका, कारण आतली वाट चोक झाली की ग्लास खोटं बोलतो. खालचा कॉक उघडून नळी रिकामी करा, बंद करा, पाणी झटक्यानं वर आलं पाहिजे. रेंगाळत आलं तर काहीतरी अडकलं आहे, ते साफ होईपर्यंत आग नको. फायरबॉक्स म्हणजे आग जळते ती पेटी, तिचं छप्पर पाण्याखाली राहिलं नाही तर ते तापून बसतं, तिथं शिशाचा प्लग असतो, तो वितळला की वाफ खाली घुसून आग मंदावते. इंजिन वाचतं, पण त्या दिवसाची गाडी गेली आणि शेडमध्ये तुमचं नाव झालं ते वेगळं.

मंग हँडब्रेक लावा, रेग्युलेटर (सिलिंडरला वाफ सोडणारा दांडा) बंद, रिव्हर्सर (पुढं की मागं ते ठरवणारा दांडा) मधोमध, सिलिंडरचे ड्रेन कॉक (पाणी काढायच्या तोट्या) उघडे. रेग्युलेटर थोडा जरी गळत असला तरी वाफ भरल्यावर इंजिन आपोआप सरकतं, अन पुढं कोणी ग्रीसचा डबा घेऊन उभा असतो.

आता आग. जाळीवर कोळशाचा पातळ थर, त्यावर रॉकेलात भिजवलेल्या चिंध्या आणि सुकं लाकूड, डॅम्पर (खालून हवा सोडणारं झाकण) उघडा. घरी पऱ्हाटीनं चूल पेटवली असेल त्याला हे सांगायची गरज नाही, फक्त इथं घाई चालत नाही. लहान इंजिन असलं तरी थंड बॉयलरला चार-पाच तास द्या. एक बाजू गरम, एक थंड राहिली की लोखंड वाकडंतिकडं ताणतं आणि ट्यूबा गळायला लागतात. दाबाच्या काट्यावर थोडी वाफ दिसली की ब्लोअर (चिमणीत वाफ फुंकून आगीला ओढ देणारा) जरासा उघडा, तोवर तेल घालून घ्या.

फायरबॉक्सचं दार उघडायच्या आधी ब्लोअर चालू पाहिजे, आणि ड्रायव्हर रेग्युलेटर बंद करतो तेव्हा तर पाहिजेच. मी एकदा हे विसरलो, ज्वाळा बाहेर आली, दोन महिने भुवया नव्हत्या. बायको आजही हसते.

कोळसा फेकायचा तो थोडा थोडा पण सारखा, मागच्या दोन कोपऱ्यांत जास्त, मधात कमी. आपल्याकडच्या कोळशात राख लय, क्लिंकर (वितळून गोठलेली राख) जमला की जाळीतून हवाच येत नाही, मंग कितीही टाका, काटा खालीच. चिमणीकडे नजर ठेवा, हलका भुरा धूर निघाला तर ठीक, काळा निघाला तर तुम्ही पैसे उडवताय. चढ येण्याआधी आग तयार पाहिजे, चढावर सुरुवात करणारा फायरमन ड्रायव्हरच्या शिव्या खातो.

निघताना चाकाच्या पहिल्या चार-दोन फेऱ्यांना ड्रेन कॉक उघडेच ठेवा. सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी दाबलं जात नाही, ते झाकण उडवतं.

विदर्भातला खरा त्रास मात्र मे महिन्यातला इंजेक्टर, म्हणजे वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं यंत्र. पाणी उघडायचं, मंग वाफ, एक बारीक 'सुंऽऽ' आवाज धरला की समजा पाणी आत चाललं. पण टाकीतलंच पाणी उन्हानं तापलेलं असलं की इंजेक्टर धरतच नाही, सगळं ओव्हरफ्लोच्या नळीतून रुळावर. त्यावर उपाय म्हणजे ओलं पोतं इंजेक्टरवर टाका, बादलीभर थंड पाणी ओता, पुन्हा पहिल्यापासून वाफ द्या. कारंजा गावाच्या अलीकडे उन्हात हे करत बसलेला माणूस देवाचं नाव घेतोच.

फुरसत भेटली तर धुतलेल्या फावड्यावर वांगी भाजा, दारात धरली की झालं, भरीत तसं घरी होत नाही.

संध्याकाळी शेडमध्ये आल्यावर आग काढायच्या आधी बॉयलर वरपर्यंत भरून घ्या. आग काढल्यावर थंड पाणी आत सोडू नका. राख झाडा, डॅम्पर बंद करा, ग्लास पुन्हा एकदा पहा आणि मंग चहाला जा.