'रन'चा नेमका अर्थ कसा शोधायचा

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्लिश शब्दकोशाच्या सुधारित आवृत्तीत 'रन' या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले आहेत. त्याआधीच्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट'कडे होता. एवढे अर्थ पाठ करण्याची गरज नाही. कर्ता कोण, पुढे कर्म आहे का आणि 'अप', 'आउट', 'इनटू' असा छोटा शब्द चिकटलाय का, एवढं पाहिलं की बहुतेक वेळा अर्थ लागतो.

आधी कर्ता पाहा. माणूस किंवा जनावर असेल तरच 'धावणे' मनात आणा, तेही लगेच पक्कं करू नका. पातळ पदार्थाचा संबंध आला की अर्थ वाहण्याकडे झुकतो: 'हर नोज इज रनिंग' म्हणजे तिचं नाक गळतंय, 'द टॅप इज रनिंग' म्हणजे नळ चालू आहे, 'द कलर्स रॅन' म्हणजे धुताना कपड्याचा रंग गेला. रस्ता किंवा कुंपण असेल तर 'जाणे': रस्ता नदीकाठाने जातो. करार असेल तर मुदत: 'द लीज रन्स टिल मार्च', भाडेकरार मार्चपर्यंत आहे. बस असेल तर 'दर २० मिनिटांनी बस असते'. बातम्यांत गाड्या 'धावतात' आणि तिथे ते रुळलंही आहे, पण वेळापत्रक सांगताना कुणी तसं बोलत नाही.

पुढे कर्म आलं तर पहिला प्रयोग 'चालवणे'चा करा. बेकरी, शिबिर, संगणकातला प्रोग्राम, सगळं बसतं. मराठीतली चालणे–चालवणे ही जोडी 'रन'ला धावण्यापेक्षा जवळची आहे: दुकान चालतं, यंत्र चालतं, नाटक दोन वर्षं चालतं, आणि इंग्लिशमध्ये या तिन्ही ठिकाणी 'रन'च येतं. जिथे 'चालवणे' अडतं, तिथे कर्माला मराठीत कोणतं क्रियापद लागतं ते आठवा. 'रन अ फीवर' म्हणजे अंगात ताप असणे, 'रन अ टेस्ट' म्हणजे चाचणी करणे, 'रन अ स्टोरी' म्हणजे बातमी छापणे, 'रन अ रेड लाइट' म्हणजे सिग्नल तोडणे, 'रन अ रिस्क' म्हणजे धोका पत्करणे.

सगळ्यात जास्त घोळ छोट्या शब्दांशी होतो. ही दोन वाक्यं शेजारी ठेवा: 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल'. दिसायला सारखी, पण पहिल्यात 'अप' टेकडीचं आहे: तो टेकडीवर धावत गेला. दुसऱ्यात 'अप' क्रियापदाचं आहे: त्याने बिल वाढवून ठेवलं. ओळखायचं कसं? नामाच्या जागी 'इट' घाला. टेकडीचं 'रॅन अप इट' होतं, बिलाचं 'रॅन इट अप'. 'रन' आणि छोटा शब्द यांच्या मधोमध 'इट' शिरू शकलं, तर ते दोघं मिळून एक जोडक्रियापद आहे आणि त्याचा अर्थ वेगळा शोधावा लागणार.

'रन आउट ऑफ'मध्ये वाक्याची बांधणीच फिरवावी लागते. 'वुई हॅव रन आउट ऑफ शुगर' यात कर्ता 'आम्ही' आहे, मराठीत मात्र साखर कर्ता होते: घरातली साखर संपली. 'रन इनटू'चा निकाल पुढच्या नामावर लागतो. ओळखीचा माणूस असेल तर अचानक गाठ पडली, भिंत असेल तर धडकला, आकडा असेल तर खर्च लाखांत गेला.

पुढे विशेषण आलं तर 'एखाद्या अवस्थेला पोचणे' असा अर्थ घ्या: 'रन ड्राय' आटणे, 'रन शॉर्ट' कमी पडणे, 'रन लेट' उशीर होणे.

रूपं रन–रॅन–रन अशी आहेत, म्हणून 'हॅज रॅन' चूक. तिसरं रूप मूळ रूपासारखंच असल्याने 'द स्कूल इज रन बाय अ ट्रस्ट' वाचताना नवशिका अडखळतो. 'इज'नंतर नुसतं 'रन' दिसलं की ते कर्मणी समजा: शाळा एक ट्रस्ट चालवतो.

नाम म्हणून येतं तेव्हा क्रिकेटची धाव सगळ्यांना माहीत असते. 'अ रन ऑन द बँक' म्हणजे पैसे काढायला ठेवीदारांची झुंबड, 'द रन्स' म्हणजे जुलाब, 'इन द लाँग रन' म्हणजे पुढे जाऊन, लांबचा विचार करता.

एवढ्यानेही उलगडलं नाही तर शब्दकोश उघडा, पण शिकणाऱ्यांसाठी केलेला. ऑक्सफर्डचा मोठा कोश अर्थ कालक्रमाने लावतो, त्यामुळे तिथला पहिला अर्थ आज वापरातला असेलच असं नाही. शिकणाऱ्यांच्या कोशांत लांबलचक नोंदीतल्या अर्थगटांना छोटे मथळे असतात. आधी फक्त मथळे चाळा आणि आपला कर्ता किंवा कर्म जिथे जुळेल तिथेच थांबून उदाहरणं वाचा. 'रन अप', 'रन डाउन' अशी जोडक्रियापदं नोंदीच्या शेवटी वेगळी दिलेली असतात, ती मधल्या यादीत शोधू नका.