टेनिस रॅकेटचं गटिंग: पहिले दोन मेन सुरू कसे करायचे

घरी गटिंगचं, म्हणजे रॅकेटला तार बसवायचं मशीन आणलेले लोक क्रॉस (आडव्या तारा) विणण्याला उगाच घाबरतात, ते हाताला बसतं हळूहळू. खरी गोची पहिल्या दोन मेनला (उभ्या तारांना) होते, कारण पहिली तार ओढायची तर तिचं दुसरं टोक धरणार कोण? मशीनवाल्याने दिलेल्या कागदावर "मधल्या तारेला क्लॅम्प लावा आणि ओढा" एवढंच असतं (क्लॅम्प म्हणजे तार दातांत धरून ठेवणारी पकड), आपण तसं करतो आणि क्लॅम्पमधून तार सर्रकन सरकते, वर तिचं कोटिंग खरवडून निघतं ते वेगळंच.

हे का होतं ते आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. नंतरच्या मेनना क्लॅम्प ज्या तारेवर असतो ती आधीच ताणलेली असते, पुढची तार ओढली की क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच ताण येतो, म्हणजे क्लॅम्पवर फारसं ओझं राहतच नाही. पहिल्या मेनला मात्र क्लॅम्पच्या मागची तार साफ ढिली असते आणि ५० पाउंडाने ओढलंत तर वळणावर थोडं घर्षण जातं ते सोडून बाकी सगळं त्या एकट्या क्लॅम्पच्या दातांवर. त्यामुळे माझं मत सरळ आहे, पहिल्या ओढीचं ओझं होता होईल तो फ्रेमवर टाकायचं, क्लॅम्पवर नाही.

पण त्याच्याही आधी सुरुवात थ्रोटकडून (मुठीच्या बाजूने) करायची की हेडकडून (वरच्या टोकाने) ते बघा. थ्रोटच्या पुलात (मुठीवरच्या दोन दांड्यांना जोडणारा फ्रेमचा आडवा भाग) मेनची भोकं किती आहेत ते मोजायचं, ६ असतील तर सुरुवात थ्रोटला, ८ असतील तर हेडला. कारण साधं आहे, ६ भोकांत मधली दोन एका वळणात जातात आणि दोन्ही बाजूंना एकेक जोडी उरते, ८ असतील तर हेडकडून खाली येऊन प्रत्येक बाजूला दोन जोड्या बरोबर बसतात, म्हणजे पुलावरून बाहेरच्या खांद्यावर तार तिरकी न्यावी लागत नाही. तरी कंपनीचा पॅटर्न मिळाला तर तोच पाळा.

याचा परिणाम शेवटावर पण होतो बरं का. १६ मेनची रॅकेट थ्रोटला सुरू केली तर मेन थ्रोटलाच संपतात, हेडला सुरू केली तर हेडला. एकाच तारेने सगळं करायचं असेल आणि कंपनी म्हणत असेल की क्रॉस हेडकडून खाली घ्या, तर थ्रोटला सुरू होणाऱ्या रॅकेटमध्ये ते सरळ जमत नाही, मग दोन तुकड्यांत करा नाहीतर अराउंड द वर्ल्ड पॅटर्न (एकाच तारेने क्रॉस वरून खाली आणायची पद्धत) शिका. नवीन माणसाने दोन तुकडेच करावेत. १२ मीटरच्या सेटचे सरळ दोन भाग, त्यातला मेनचा तुकडा मधोमध दुमडायचा की झालं. एकाच तारेने करणार असाल तर शॉर्ट साइडला (जे छोटं टोक फक्त आपल्या बाजूचे मेन भरतं) साडेतीन मीटर धरा, थोडी उरेल पण शेवटच्या मेनला टेन्शनरपर्यंत (मशीनचा तार ओढणारा भाग) तार पोचली नाही तर रडू येतं.

आता समजा सुरुवात थ्रोटला आहे. दुमडलेल्या तारेची दोन टोकं थ्रोटच्या मधल्या दोन भोकांतून आत घातली, वर नेऊन हेडच्या मधल्या दोन भोकांतून बाहेर काढली. इथे एकदा थांबून दोन्ही बाजूंची भोकं मोजा, डावीकडे उजवीकडे सारखी आली पाहिजेत, हेडला एक भोक इकडेतिकडे झालं तर ते सहाव्या सातव्या मेनला लक्षात येतं आणि तोपर्यंत सगळं उसवायची पाळी आलेली असते.

माझी आवडती पद्धत स्टार्टिंग क्लॅम्पची. हा छोटा स्प्रिंगचा क्लॅम्प, पकडीसारखा दाबून उघडतो, मशीनला जोडलेला नसतो. डावीकडचा मधला मेन हेडमधून जिथे बाहेर येतो तिथे, फ्रेमच्या बाहेर, ढील सगळी ओढून घेऊन हा क्लॅम्प अगदी चिकटवून लावायचा. क्लॅम्प आणि फ्रेमच्या मध्ये जुन्या चामड्याचा छोटा तुकडा ठेवला तर बंपर गार्डला (हेडवरच्या प्लास्टिकच्या पट्टीला) दात लागत नाहीत. मग उजवा मेन ओढा. ताण थ्रोटच्या वळणातून फिरून डाव्या तारेत येतो, स्टार्टिंग क्लॅम्प फ्रेमवर घट्ट दाबला जातो आणि ओझं फ्रेम घेते. उजव्या मेनला आतून हेडजवळ, म्हणजे टेन्शनरच्या बाजूला, मशीनचा क्लॅम्प लावा आणि टेन्शनर सोडा. आता डावा मेन, स्टार्टिंग क्लॅम्पच्या पुढची तार टेन्शनरमध्ये धरून ओढायची (म्हणून बाहेर जरा लांब तार हवी). ताण बरोबरीला आला की स्टार्टिंग क्लॅम्प आपोआप फ्रेमपासून सुटा होतो, तेव्हाच काढायचा, आधी उपटायला जाऊ नका. मग डाव्याला पण हेडजवळ आतून क्लॅम्प. झाले दोन मेन, आणि मशीनच्या एकाही क्लॅम्पला ढिल्या तारेवर लटकावं लागलं नाही.

स्टार्टिंग क्लॅम्प नसेल आणि मशीनला दोन फिक्स्ड (टेबलाला जोडलेले) क्लॅम्प असतील तर पहिल्या ओढीला दोन्ही क्लॅम्प डाव्या मेनवरच लावा, एक थ्रोटजवळ, एक हेडजवळ, दोघांत ओझं वाटलं जातं. उजवा ओढून झाला की हेडजवळचा क्लॅम्प डावीकडून काढून उजव्यावर आणायचा. नंतर डावा ओढताना क्रम महत्त्वाचा, आधी ताण द्या आणि मग डाव्याचा थ्रोटजवळचा क्लॅम्प उघडा, कारण तो आधी उघडलात तर थ्रोटच्या वळणातून उजव्या मेनचा ताण पण निसटतो. ड्रॉप वेट (दांड्यावरच्या वजनाने ओढणारं) किंवा इलेक्ट्रॉनिक मशीन असेल तर क्लॅम्प उघडल्यावर आलेली ढील ते स्वतः ओढून घेतं, ड्रॉप वेटचा दांडा खाली गेला तर परत आडवा करून घ्या. क्रँकचं लॉकआउट मशीन मात्र एकदा अडकलं की अडकलं, ढील आली तरी त्याला पत्ता नसतो, म्हणून क्लॅम्प उघडल्यावर क्रँक सोडून परत एकदा ओढायची. हे न केल्यामुळे मधला मेन ढिला राहतो आणि लोक तारेला नावं ठेवत बसतात.

काहीजण दोन्ही टोकं एकदम टेन्शनरमध्ये घालून ओढतात. सुचतं छान, पण ताण दोघींत वाटला जातो, म्हणजे प्रत्येकी ५० हवे तर १०० पाउंड ओढायला हवं आणि ते घरगुती मशीनच्या आवाक्यातलं नाही. ढील काढण्यापुरतं कमी ताणावर करा हवं तर.

फ्लाइंग क्लॅम्पवाल्यांचं प्रकरण वेगळं. हा क्लॅम्प टेबलाला जोडलेला नसतो, एका तारेला शेजारच्या ताणलेल्या तारेच्या आधाराने धरतो, आणि सुरुवातीला शेजारी ताणलेली तार नसतेच. इथे स्टार्टिंग क्लॅम्प घ्याच, मी तर म्हणेन मशीनबरोबरच मागवा. डावीकडे हेडबाहेर तो लावा, उजवीकडे पहिला आणि दुसरा असे दोन मेन घाला आणि दुसऱ्याचं टोक थ्रोटकडून ओढून एकाच ओढीत दोघांना ताण द्या. वळणावर घर्षणाने पहिल्याला थोडं कमी मिळतं, म्हणून ओढता ओढता पहिला मेन बोटाने दोनतीनदा बाजूला दाबून सोडा म्हणजे ताण पुढे सरकतो. मग थ्रोटजवळ दोघांवर एक फ्लाइंग क्लॅम्प. आता डावा पहिला ओढा, स्टार्टिंग क्लॅम्प सुटला की काढा, आणि हेडजवळ डावा पहिला व उजवा पहिला मिळून दुसरा फ्लाइंग क्लॅम्प. इथून पुढे नेहमीसारखं. सुरुवात हेडला असेल तर हेच सगळं उलटं, हेडच्या जागी थ्रोट वाचा.

क्लॅम्प तरीही सरकत असेल तर लगेच स्क्रू पिळू नका. आधी दात स्पिरिटने पुसा, पॉलीचा (पॉलिएस्टर तारेचा) आणि कोटिंगचा चिकट थर बसलेला असतो. त्यानंतर थोडं थोडं घट्ट करत जा, सरकणं जिथे थांबतं तिथेच थांबा, कारण मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची तार) आणि नॅचरल गट (आतड्याची तार) जास्त दाबले तर चपटे होतात आणि मधल्या मेनवर, म्हणजे जिथे चेंडू सगळ्यात जास्त लागतो तिथेच, तार कमजोर होते.

तिसऱ्या चौथ्या मेनपासून डावीकडे एक उजवीकडे एक असं चालू ठेवा, फार तर दोन, एक बाजू तीनच्या वर पुढे जाऊ देऊ नका, फ्रेमवर एकतर्फी ताण येतो. आणि बऱ्याच १६ बाय १९ (१६ मेन, १९ क्रॉस) रॅकेटींत मधून मोजून ७ आणि ९ नंबरची भोकं मेनसाठी नसतात, ती क्रॉसची, त्यामुळे सहावा मेन झाला की परत एकदा पॅटर्न बघून मगच तार पुढे घाला.