फॅलेनॉप्सिस ऑर्किड सालीतून पाण्याच्या कुंडीत कसे हलवावे

फॅलेनॉप्सिस निसर्गात झाडांच्या खोडांना धरून वाढते, म्हणून त्याच्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. अर्ध-हायड्रोपोनिक, म्हणजे मातीविना कुंडीच्या तळाशी पाणी ठेवून रोप वाढवण्याच्या पद्धतीत भाजलेल्या मातीचे सच्छिद्र गोळे, म्हणजे क्ले बॉल्स, तळाशी साठवलेले पाणी वर खेचतात आणि गोळ्यांमधल्या पोकळ्यांतून मुळांना हवा मिळते.

या कामात सर्वांत महत्त्वाची असते ती वेळ. झाडाच्या सालीच्या तुकड्यांत वाढलेली जुनी मुळे सततच्या ओलाव्याला सरावलेली नसतात आणि त्यांतली बरीचशी पुढे कुजतात; रोप तगते ते नव्या माध्यमात उतरणाऱ्या नव्या मुळांवर. त्यामुळे बहर ओसरल्यावर, मुळांची हिरवी किंवा तांबूस टोके नुकती फुटू लागलेली दिसतील तेव्हाच रोप हलवावे.

क्ले बॉल्स गढूळपणा जाईपर्यंत धुऊन 24 तास भिजत ठेवावेत. तळाला भोक नसलेली पारदर्शक कुंडी घेऊन तळापासून सुमारे 3 सेंटीमीटर उंचीवर बाजूला दोन लहान भोके पाडावीत, म्हणजे जादा पाणी तिथूनच बाहेर पडेल.

मुळे थोडा वेळ पाण्यात ठेवली की लवचीक होतात आणि साल सहज सुटते. रोपवाटिकेतून आलेल्या रोपाच्या मुळांच्या मधोमध अनेकदा मॉसचा, म्हणजे शेवाळाचा, घट्ट गोळा दडलेला असतो. तो तसाच राहिला तर कायम ओला राहून कुजण्याला आमंत्रण देतो, म्हणून चिमट्याने पूर्ण काढावा. मग प्रत्येक मूळ बोटांत दाबून पाहावे. टणक असेल ते ठेवावे. दाबताच पोकळ लागणारे, वरचे आवरण निसटून आत नुसता दोरा उरलेले मूळ स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापावे. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण ती निरोगी मुळेही सुकवते, त्यामुळे मी तो देणार नाही.

रोपाचा बुंधा गोळ्यांच्या वरच्या पातळीवर राहील असे धरून गोळे सोडावेत आणि कुंडी हलकेच आपटावी. वरून दाबू नये. भोकांपर्यंत पाणी भरावे. नवी मुळे आत शिरेपर्यंत साधे पाणी पुरते, त्यानंतर पाकिटावरील प्रमाणाच्या चौथ्या भागाइतके खत द्यावे. बोअरचे पाणी जड असेल तर पावसाचे किंवा आरओचे वापरावे. गोळ्यांवर पांढरे क्षार दिसू लागले की कुंडीतून भरपूर साधे पाणी वाहू द्यावे, आणि बशीत सांडलेले पाणी ओतून टाकावे, कारण त्यात डास अंडी घालतात.